चिपच्या देखरेख टीममध्ये नवीन आहे, आधी नेमकं काय बघू?

मृण्मयी_ओ

नमस्कार मंडळी, जुने धागे चाळताना दिसलं की इथे अमेरिकेत मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना) किंवा राज्याच्या आरोग्य खात्याच्या कामात असलेले बरेच जण आहेत, म्हणून धीर करून विचारतेय. दोन महिन्यांपूर्वी मी राज्याच्या मेडिकेड एजन्सीत चिपवर देखरेख करणाऱ्या टीममध्ये लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चिप म्हणजे 1997 साली सुरू झालेली मुलांच्या आरोग्य विम्याची सरकारी योजना, मेडिकेडसाठी आईबापांची कमाई थोडी जास्त पडते आणि बाजारातला विमा घ्यायला पुरत नाही अशा घरांतल्या मुलांसाठी. पैसा केंद्राचा आणि राज्याचा मिळून, चालवायची राज्याने आणि वरून लक्ष ठेवणार सीएमएस, म्हणजे मेडिकेड आणि चिप बघणारं केंद्राचं खातं.

आधी सात वर्षं मी एका बँकेत इंटर्नल ऑडिटला होते, त्यामुळे सॅम्पल काढणं, कागद तपासणं, चूक पकडणं हे अंगवळणी पडलंय. इथे आल्यापासून रोज एकच शब्द कानावर पडतोय, पर्म. दर वर्षी 17 राज्यं घेतात आणि तीन वर्षांत सगळ्यांची पाळी येते, त्यात किती पेमेंट चुकीची झाली त्याचा दर काढतात. आमची पाळी जवळ आलीय त्यामुळे सगळी मीटिंग त्याच्याभोवती फिरते.

पण मला खटकतंय ते वेगळंच आहे. मागच्या महिन्यात ज्या मुलांचं कव्हरेज बंद झालं त्यांची यादी मी काढून बघितली, तर निम्म्याहून जास्त ओळींपुढे कारण एकच, रिन्युअल फॉर्म परत आला नाही. कमाई वाढली म्हणून नाही, मूल 19 चं झालं म्हणून नाही, राज्य सोडून गेलं म्हणून नाही. मी मॅनेजरना विचारलं की यातलं सॅम्पल आपण कधी तपासतो, तर ते म्हणाले त्यात पैसे गेलेच नाहीत मग चुकीचं पेमेंट येणार कुठून. उत्तर बरोबर आहे पण मला त्या रात्री झोप लागली नाही. बँकेत एखाद्या ग्राहकाचं खातं चुकून बंद झालं तर ती चूकच धरायचो ना आपण, मग इथे का नाही?

तर प्रश्न असा की ही यादी तपासायला मला नियमात कुठे आधार आहे का, आणि आधी हात कुठे घालू?

जुनाखातेदार

मृण्मयीताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. मी 19 वर्षं काउंटी ऑफिसात होतो, आधी एलिजिबिलिटी वर्कर (कोण पात्र ते ठरवणारा) मग सुपरवायझर, आणि शेवटची काही वर्षं राज्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, आता रिटायर झालोय.

आधी तुमच्या आधाराचं सांगतो. तुमचे मॅनेजर म्हणाले ते पर्मपुरतं खरं आहे. पण पर्मच्या मधल्या दोन वर्षांत राज्याला एमईक्यूसी करावं लागतं, म्हणजे पात्रतेच्या आपल्याच निर्णयांची तपासणी, आणि त्यात निगेटिव्ह केसेस तपासणं बंधनकारक आहे. निगेटिव्ह म्हणजे नाकारलेली आणि बंद केलेली प्रकरणं. 2017 च्या नियमानुसार किमान 400, त्यातली 200 मेडिकेडची आणि 200 चिपची. म्हणजे तुमच्या यादीतल्या ओळी उघडून बघायला नियमच सांगतो, फक्त बऱ्याच ठिकाणी ते काम शेवटच्या महिन्यात उरकतात कारण त्याचा आकडा पेपरात येत नाही.

आणि तपासताना एक धोका सांगून ठेवतो. रिव्ह्यू करणारा माणूस फाइल उघडतो, फॉर्म पाठवल्याची तारीख दिसते, परत आल्याची तारीख रिकामी दिसते, की शेरा मारतो "बंद करणं योग्य". झालं, दोन मिनिटांत केस संपली. तुम्ही तिथे थांबू नका. फॉर्म पाठवायची वेळच का आली ते विचारा. नियम असा आहे की राज्याने आधी आपल्याकडे असलेल्या माहितीवरून, पगाराची नोंद, स्नॅपची (सरकारी अन्नमदतीची) फाइल वगैरे, स्वतःच रिन्युअल करून बघायचं, त्याला एक्स पार्टे म्हणतात, आणि ते जमलं नाही तरच घरी फॉर्म पाठवायचा. त्या मुलाच्या बाबतीत हा प्रयत्न झाला होता का? झाला असेल तर कुठे अडला? नोटीस कुठल्या पत्त्यावर गेली, कुठल्या भाषेत गेली, पाकीट परत आलं का, आलं असेल तर कुणी फोन केला का? बंद झाल्यावर 90 दिवसांच्या आत फॉर्म आला तर नवा अर्ज न मागता त्याच्यावरच निर्णय द्यायचा असतो, तो दिला का? एवढं विचारलं की "योग्य" म्हणून शेरा मारलेल्या किती केसेस तशाच राहतात ते बघा.

पर्मच्या आकड्याबद्दलही एक. 2021 मध्ये चिपचा देशाचा दर 31 टक्क्यांच्या वर गेला होता. ऐकणाऱ्याला वाटतं एवढा पैसा लुटला. त्यातला मोठा भाग होता फाइलमध्ये कागद नसणं, कमाई पडताळल्याची नोंद न ठेवणं असला. मूल पात्र होतं की नव्हतं हे त्या कागदाशिवाय ठरवता येत नाही म्हणून सगळी रक्कम चुकीच्या पेमेंटमध्ये मोजली जाते. पण आमच्या वर्करवर त्याचा परिणाम काय होतो सांगू? तो घाबरतो. कागद कमी असला की मुलाला आत ठेवण्यापेक्षा बाहेर काढणं त्याला सेफ वाटतं, कारण आत ठेवलं तर चूक त्याच्या नावावर लागू शकते, बाहेर काढलं तर कधीच लागत नाही. हे मी माझ्या टीममध्ये वर्षानुवर्षं बघितलंय, चांगली माणसं होती सगळी.

लूप_आणि_मी

एक्स पार्टेचा विषय निघालाच आहे तर मी आयटीच्या बाजूने सांगतो, मी एका व्हेंडरकडे या सिस्टिमवर काम केलंय.

कोविडमध्ये मार्च 2020 पासून मेडिकेडमधून कुणाला काढायचं नाही असं होतं, ते 31 मार्च 2023 ला संपलं, एप्रिलपासून राज्यांना परत लोकांना काढता येऊ लागलं आणि सगळ्यांची रिन्युअल करायची होती. त्या काळात देशभरात अडीच कोटीहून जास्त लोक बाहेर पडले आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश हे कागदपत्रांच्या कारणाने, म्हणजे अपात्र आहेत असं कुणी ठरवलं नव्हतं. 2023 च्या ऑगस्टमध्ये सीएमएसने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की तुमची सिस्टिम एक्स पार्टे प्रत्येक माणसाचं वेगळं करते की अख्ख्या घराचं एकत्र, ते तपासा. सप्टेंबरमध्ये कळलं की 30 राज्यांत हा घोळ आहे. जवळपास 5 लाख लोकांचं कव्हरेज परत द्यावं लागलं आणि त्यात मुलं भरपूर होती.

मुलंच का, ते समजून घ्या. आईची मेडिकेडची मर्यादा खूप खाली असते, मुलाची बरीच वर असते. घरात आई आणि दोन मुलं. पगाराची नोंद आली, त्यावरून आई अपात्र दिसते पण मुलं आरामात पात्र आहेत. नियमाप्रमाणे मुलांचं रिन्युअल तिथल्या तिथे व्हायला पाहिजे आणि फॉर्म फक्त आईला जायला पाहिजे. पण सिस्टिममध्ये लॉजिक असं लिहिलेलं की घरातल्या एकाचं जमलं नाही तर सगळ्या घराला फॉर्म पाठव. फॉर्म परत आला नाही की तिघंही बाहेर. कोडमध्ये ती एक अट होती हो, घराच्या लूपच्या बाहेर लावायची ती आत लावलेली किंवा उलटं, आणि वर्षानुवर्षं तशीच चालू होती कारण टेस्ट केसेस सगळ्या अशा लिहिलेल्या की घरातले सगळे पात्र किंवा सगळे अपात्र. मिश्र घर कुणी टेस्टच केलं नाही. मी स्वतः त्यातल्या काही टेस्ट केसेस पास केल्यात, ते मला अजून लागतं.

ताई तुमच्याकडे डेटा असेल तर एक क्वेरी मारा. फॉर्म न आल्यामुळे बंद झालेली मुलं घ्या आणि त्यांच्या घराचं शेवटचं माहीत असलेलं उत्पन्न मुलांच्या मर्यादेशी लावून बघा. खूप खाली असलेली किती निघतात ते बघा. ती मुलं फॉर्मशिवाय रिन्यू व्हायला पाहिजे होती.

हिशेबनीस

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. मी राज्याच्या फायनान्समध्ये आहे, दर तिमाहीला चिपचा खर्च सीएमएसला कळवायचा फॉर्म आमच्याकडून जातो.

पेमेंटची तपासणी म्हणजे नुसता धाक असं इथे चित्र होतंय, ते पूर्ण खरं नाही. आपल्याकडची बहुतेक मुलं मॅनेज्ड केअरमध्ये आहेत, म्हणजे मूल डॉक्टरकडे जावो न जावो, विमा कंपनीच्या प्लॅनला दर महिन्याला डोक्यामागे ठरलेली रक्कम जाते. घर दुसऱ्या राज्यात गेलं आणि इथलं नाव तसंच राहिलं तर दोन्ही राज्यं एकाच माणसाचे पैसे भरत बसतात. केंद्राच्या ओआयजीने (आरोग्य खात्याच्या तपासनीस कार्यालयाने) मेडिकेडचं हे तपासलं होतं, 2019 च्या एका ऑगस्ट महिन्यात जवळपास 73 मिलियन डॉलर आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये 117 मिलियन असे गेले होते. त्यातून एकाही पोराला एक गोळी मिळाली नाही. चिपमध्ये तर हे जास्त झोंबतं कारण चिपचा पैसा मेडिकेडसारखा उघडा नाही, राज्याला वर्षाचा ठरलेला वाटा मिळतो. आणि योजना चालवण्याचा खर्च, प्रचार, असल्या गोष्टींना त्यातला 10 टक्क्यांपर्यंतच वापरता येतो, म्हणजे उद्या तुम्हाला फोन करायला चार माणसं हवीत तर ती त्याच 10 टक्क्यांतून.

दुसरं, जे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. ज्या राज्याला मेडिकेडमध्ये केंद्राकडून 50 टक्के मिळतात त्याला चिपमध्ये 65 मिळतात, राज्याचा वाटा तीस टक्क्यांनी कमी होतो म्हणून. त्यामुळे मूल खरं तर मेडिकेडमध्ये बसत असताना चिपच्या खात्यात गेलं तर राज्याचा फायदा होतो, आणि म्हणूनच नियम आहे की आधी मेडिकेडसाठी बघायचं, नाही बसलं तरच चिप. ऑडिटर हे बघतात ते फक्त पैशासाठी नाही. वेगळी चिप चालवणाऱ्या राज्यांत त्या मुलाला मेडिकेडचं ईपीएसडीटी मिळेलच असं नाही, म्हणजे तपासणीत जे निघालं त्यावर लागेल तो उपचार द्यायचाच, हे जे 1967 पासूनचं मुलांचं संरक्षण आहे ते. शिवाय प्रीमियम, कोपे (दर भेटीला खिशातून द्यायचे पैसे) लागू शकतात, घराच्या उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंत.

तेव्हा पर्म ओझं आहे पण फालतू नाही एवढंच म्हणणं.

जुनाखातेदार

हिशेबनीस, मुद्दा मान्य आहे आणि मी पर्म बंद करा म्हणत नाहीये. पण तुमच्या उदाहरणातलं मूल दोन राज्यांत दिसलं तर ते शोधायला फाइल जुळवता येते, त्यासाठी सिस्टिम आहे, ऑडिटर आहे, रिपोर्ट आहे. मी म्हणतोय ते बाहेर काढलेलं मूल कुठल्याच राज्यात दिसत नाही. त्याला शोधायला कोण आहे? ते शोधणारा तुमच्या ऑफिसात एकही माणूस नेमलेला नसतो, एवढाच फरक आहे आणि तो मोठा आहे.

रेवाकाठ

मी मुलांच्या दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कला आहे, नियमबियम मला कळत नाहीत फार पण तुम्ही ज्याला ओळ म्हणताय ती माझ्यासमोर काउंटरला उभी असते म्हणून लिहितेय.

आईने कामावरून अर्धा दिवस सुट्टी काढलेली, पोराच्या गालाला सूज, मी कार्ड स्वाइप करते आणि स्क्रीनवर येतं की कव्हरेज संपलं. तिला माहीतच नसतं. दहापैकी नऊ जणींना माहीत नसतं. पत्र आलं का विचारलं तर काही म्हणतात आम्ही एप्रिलमध्ये घर बदललं, काही म्हणतात आलं होतं पण जाहिरात वाटली. एकीने पिशवीतून पाकीट काढून दाखवलं, न फोडलेलं, कारण सरकारी पाकीट म्हणजे काहीतरी वाईटच असणार म्हणून ती घाबरून फोडत नव्हती. मी तिच्यासमोर फोडलं, आठ पानं होती, आणि काय करायचं ते पाचव्या पानावर.

2007 मध्ये मेरीलँडमध्ये 12 वर्षांचा एक मुलगा दातातलं इन्फेक्शन मेंदूत जाऊन वारला, आमच्या ट्रेनिंगमध्ये ते अजून सांगतात. दात काढायला साधारण 80 डॉलर लागले असते. घर मध्ये बेघर झालेलं, मेडिकेड बंद पडलेलं, आणि आईचा अंदाज होता की कागद त्यांनी सोडलेल्या शेल्टरच्या पत्त्यावर गेले असावेत. त्यानंतर 2009 च्या कायद्यात चिपमध्ये दात बंधनकारक झाले. म्हणजे दाताचा फायदा कागदावर आला, पण पत्त्याचं काय? तो प्रश्न जिथल्या तिथेच आहे हो.

आणि अजून एक मृण्मयीताई, कव्हरेज चालू असलं तरी प्लॅनच्या डॉक्टरांच्या यादीवर विश्वास ठेवू नका. आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या डॉक्टरांचं नाव एका प्लॅनच्या यादीत अजून "नवीन पेशंट घेतात" म्हणून आहे. मी दोनदा कळवलं. आईबाप त्या नावासाठी फोन करतात आणि मला नाही म्हणावं लागतं.

मृण्मयी_ओ

रेवाताई, तुमचं वाचून थोडा वेळ काहीच टाइप करता येईना. यादीबद्दल तुम्ही म्हणालात ते मी प्लॅनच्या कराराचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याला दाखवलं. ती म्हणाली 2024 च्या मॅनेज्ड केअरच्या नियमात हेच आणलंय, बाहेरच्या संस्थेने पेशंट बनून फोन करून बघायचं की यादीतला डॉक्टर खरंच आहे का, आणि साध्या तपासणीसाठी 15 कामाच्या दिवसांत, मानसिक आरोग्यासाठी 10 दिवसांत अपॉइंटमेंट मिळते का. राज्यांना तयारीला वेळ दिलाय, पण ती म्हणतेय दहा दवाखान्यांना फोन लावायला आपल्याला कुणी अडवलंय, आम्ही दोघी सुरू करतोय.

जुनाखातेदार काका, एमईक्यूसीचा नियम मॅनेजरसमोर ठेवला. ते स्वतः वाचत बसले, मग म्हणाले कर सुरू, पण सॅम्पल दोनशेच्या पुढे न्यायचं तर त्याला माणसं नाहीत. ठीक आहे, दोनशे तर दोनशे. एक शंका, 2024 च्या जानेवारीपासून मुलांना सलग 12 महिने कव्हरेज द्यायचं सक्तीचं झालंय ना, मग वर्षाच्या मध्ये बंद झालेलं मूल दिसलं तर ती सरळ चूक धरायची का? माझ्या यादीत अशी काही आहेत, कारण लिहिलंय "प्रीमियम थकला".

जुनाखातेदार

वर्षाच्या मध्ये बंद करायला कारणं मोजकीच आहेत, मूल 19 चं झालं, राज्य सोडलं, वारलं, घरच्यांनी स्वतः बंद करा म्हणून सांगितलं, किंवा मुळात मंजुरीच चुकून वा खोट्या माहितीवर झाली होती. प्रीमियम थकणं त्यात बसत नाही असं सीएमएसने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं होतं. फ्लोरिडाने त्यावरून 2024 मध्ये केंद्राला कोर्टात खेचलं, म्हणजे वाद आहे, त्यामुळे तुमच्या राज्याचा स्टेट प्लॅन (योजना कशी चालवणार ते राज्याने केंद्राला लिहून दिलेलं) काय म्हणतो ते आधी लीगलकडून लेखी घ्या. पण या केसेस बाजूला काढून आजच वर पाठवा, सॅम्पल पूर्ण होईपर्यंत थांबू नका, त्या पोरांचं कव्हरेज आत्ता बंद आहे.

लूप_आणि_मी

+1. आणि क्वेरीचं काय झालं?

मृण्मयी_ओ

तीन आठवड्यांनी परत येतेय, मध्ये श्वास घ्यायला वेळ नव्हता.

प्रीमियमवाल्या केसेस वर गेल्या, लीगलने बघितल्या, त्यांचं कव्हरेज बंद झाल्या तारखेपासून परत सुरू करायला सांगितलंय.

क्वेरी मारली. मिश्र घरांचा घोळ आमच्याकडे 2023 मध्येच दुरुस्त झाला होता, तो नाही निघाला. पण उत्पन्न मर्यादेच्या खूप खाली असूनही फॉर्म गेलेली मुलं निघाली, आणि ती नकाशावर टाकली तर विखुरलेली नाहीत, काही मोजक्या पिनकोडमध्ये झुंडीने आहेत. मी त्यातल्या चाळीस फाइल्स एकेक उघडल्या. एकवीस घरं मोठ्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधली आहेत. अर्जावर आईने फ्लॅट नंबर नीट लिहिलाय, आमच्या सिस्टिममध्येही आहे, पण छापून गेलेल्या नोटिशीवर नाही. शंभर-दीडशे घरांच्या बिल्डिंगला नुसता रस्त्याचा नंबर घालून पाकीट गेलंय. पोस्टमन तरी काय करणार. बाकीच्या एकोणीस फाइल्सचं कारण अजून लागलेलं नाही.

छपाईचं काम बाहेर दिलेलं आहे. ते म्हणतात आम्हाला जशी फाइल येते तशी छापतो. आमचे आयटीवाले म्हणतात आम्ही पूर्ण पत्ता पाठवतो.

लूप_आणि_मी

दोघंही खरं बोलत असतील. पत्त्याची दुसरी ओळ वेगळ्या कॉलममध्ये असते, पाठवणारा ती पाठवतो आणि घेणाऱ्याच्या टेम्प्लेटमध्ये ती कॉलम जोडलेलीच नसते. दोघांच्या फाइलचा लेआउट शेजारी शेजारी उघडून बघा, आणि विशेषतः सिस्टिम किंवा टेम्प्लेट शेवटचं कधी बदललं ती तारीख काढा. त्या तारखेच्या आधीची आणि नंतरची परत आलेली पाकिटं मोजा. आणि फक्त चिपचं बघू नका, मेडिकेडच्या नोटिशीही बहुतेक त्याच टेम्प्लेटवरून जात असतील.

रेवाकाठ

ताई ते पिनकोड इथे टाकू नका पण तुमच्या ऑफिसकडून आमच्यासारख्या दवाखान्यांना कळवता येईल का? त्या भागातली आई काउंटरला आली की दुखण्याची वाट न बघता आधीच कव्हरेज तपासून बघू आम्ही, आणि 90 दिवस उलटले नसतील तर फॉर्म तिथेच भरून घेऊ. टेबल आहे, पेन आहे, मी आहे.

मृण्मयी_ओ

विचारलं. सोमवारी मीटिंग लावलीय, छपाईवाले, आयटी आणि आउटरीचची मुलगी तिघंही आहेत. टेम्प्लेट बदलल्याची तारीख मिळाली, मागच्या वर्षीची आहे. त्या दिवसापासूनच्या सगळ्या बंद केसेस आता काढायला घेतल्यात, चिप आणि मेडिकेड दोन्ही.